सोयरिकीतला शिंगवाला

माझ्या मुलीच्या सोयरिकीच्या बैठकीत एका शिंगवाल्या जनावराने माझी अब्रू घालवली. जनावर माझ्या अंगठ्याच्या नखाएवढं होतं.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे किती उंचावरून पडलो ते कळेल. मी दारव्ह्याचा वसंतराव. लहानपणी दुसऱ्यांचे बैल चारले, मिसरूड फुटायच्या आत बैलबाजारात दलाली सुरू केली आणि ट्रॅक्टरचं युग आल्यावर जुन्या ट्रॅक्टरांच्या खरेदी-विक्रीचं दुकान टाकलं. कोणी बोट धरून शिकवलं नाही. दुकानाच्या पाटीवर 'एक भाव' असं लिहिलेलं आहे, पण ते गिऱ्हाइकासाठी. मी स्वतः जन्मात कोणतीही वस्तू पहिल्या भावाला घेतलेली नाही. मेडिकलमध्ये तापाच्या गोळीलाही घासाघीस करतो. (ताप मला असतो, उतरतो दुकानदाराचा चेहरा.) आणि सौदा पक्का झाला की एक प्रश्न विचारल्याशिवाय जागचा हलत नाही : "वर काय?"

म्हणजे भाजी घेतली की वर सांबाराची जुडी. (कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात.) ट्रॅक्टर घेतला की वर एखादा जुना टायर. वर काही न मिळता झालेला सौदा म्हणजे, माझ्या मते, फसवणूक!

असंच एकदा यवतमाळला एका घरी जुना कूलर पाहायला गेलो होतो. ती मंडळी क्वार्टर सोडून चालली होती. मी इतकी घासाघीस केली, की कूलरच्या पंख्यापेक्षा घरमालकिणीचे श्वास जोरात चालू लागले. शेवटी सौदा पटला. मी विचारलं, "वर काय?" बाईंनी खण ओढला, तळहाताएवढा एक राखाडी डबा काढला आणि माझ्या हातावर आदळला. "हे घ्या. अन् निघा!"

तो व्हिडिओ गेम होता. हातात धरून खेळायचा, सेलवर चालणारा.

घरी आलो तर बायको म्हणाली, "कूलर ठीक हाय. पण हे पोराटोराचं खेळणं कायले?"

"वर भेटलं."

"वर भेटलं म्हून उद्या सवत बी आणसान!"

आमची एकुलती एक मुलगी प्रणाली तेव्हा सुट्टीला घरी आली होती. तिने डब्यात सेल टाकले. काचेवर उजेड झाला, पों-पों असं काहीतरी वाजलं आणि खांद्यावर झोळी अडकवलेला एक टिचभर माणूस चालू लागला. त्याला पलीकडे न्यायचं, एवढाच खेळ. वाटेत दगड येतात, विटांच्या भिंती येतात. अंगठ्याने बटण दाबलं की तो उडी मारतो. मला वाटलं, ह्यात काय आहे! आणि थोड्याच वेळात झोळीवाला काट्यांनी भरलेल्या एका रुंद खड्ड्यापाशी येऊन थांबला.

खड्ड्याच्या काठावर तो होता. शिंगवाला!

दोन वाकडी शिंगं, लाल डोळे, नाकातून धूर. काट्यांवरूनच इकडच्या दगडापासून तिकडच्या दगडापर्यंत फुसफुसत जायचा, वळायचा, परत यायचा. मी झोळीवाल्याला त्याच्या डोक्यावरून उडी मारायला लावली. उडी गेली ती थेट काट्यांत! खेळ खलास. पुन्हा मांडला. पुन्हा काट्यांत.

"बाबा, थो काही करत नाही," प्रणाली म्हणाली. "सरळ त्याच्या पाठीवर चढायचं. थो खड्ड्यावरून पलीकडं नेऊन सोडते."

मी तिच्याकडे पाहिलं. शिंगाच्या जनावराच्या पाठीवर चढायचं? आणि हे कोण कोणाला सांगतं? माझा अर्धा जन्म बैल पारखण्यात गेला. लाल डोळा आणि नाकात फुसफुस असलेलं जनावर मारकं असतं, हे मला एका रक्त तपासणाऱ्या पोरीने शिकवावं? (प्रणाली यवतमाळला एका लॅबमध्ये रक्त तपासते.)

"तू रक्त पाय," मी म्हणालो. "जनावर मी पायतो."

त्यानंतर कित्येक आठवडे मी त्या खड्ड्यात पडत राहिलो. दुकानात पडलो, घरी पडलो, एका लग्नात पंगत बसायची वाट पाहतानाही पडलो. पण एक गोष्ट झाली. गेम हातात असला की माझं तोंड बंद असायचं. दूधवाल्यावर ओरडणं नाही, शेजाऱ्याच्या गाडीवरून भांडण नाही. बायको आधी गेमला नावं ठेवत होती, ती आता सेल संपायच्या आधीच नवे आणून ठेवू लागली. गल्लीतले लोक तिला विचारू लागले, "भाऊची तब्येत बरी हाय ना?"

आता देवरावाची गोष्ट सांगावी लागेल. सांगायची इच्छा नाही, पण इलाज नाही.

मी बैलांचा धंदा करायचो तेव्हा माझ्याकडे भोंग्या नावाचा बैल आला. अंगाने डोंगर! मी जवळ गेलो की भोंगा वाजावा तसा फुसफुसायचा, खुराने माती उकरायचा. मी त्याला लांबूनच ओरडून धाकात ठेवायचो. चारासुद्धा काठीने ढकलायचो. शेवटी त्याला पांढरकवड्याच्या बाजारात नेलं. गिऱ्हाईक यायचं, बैल फुसफुसायचा, गिऱ्हाईक जायचं. दिवस कलायला आला तेव्हा सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळत एक किडकिडीत माणूस आला. मारेगावकडचा देवराव. त्याने बैलाकडे पाहिलंच नाही. तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला.

आमच्या बाजारात भाव तोंडाने ठरत नाही. चारचौघांना आकडा कळू नये म्हणून दलाल आपला दुपट्टा हातावर पसरतो, समोरचा त्याखाली हात घालतो आणि एकमेकांची बोटं दाबून भाव सांगतात. देवरावाने माझ्या दुपट्ट्याखाली हात घातला आणि माझी इतकी थोडी बोटं दाबली, की मला वाटलं त्याच्या हातात ताकदच नाही. तो भाव बैलाचा नव्हता, बकरीचाही नव्हता! पण ते जनावर एकदाचं जावं म्हणून मी हो म्हणालो.

त्यावर देवराव म्हणाला, "वर काय?"

मला! मला विचारलं! मी गोंधळून माझा नवाकोरा कासरा देऊन टाकला. मग तो माणूस सरळ भोंग्यापाशी गेला, त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि खाजवू लागला. भोंग्याने डोळे मिटले! देवराव मागे वळून म्हणाला, "वसंतराव, हा त गरीब हाय." आणि कासरा ढिला सोडून त्याला घेऊन गेला. पुढे पोळ्याला भोंग्या त्यांच्या गावात तोरणाखाली पहिला उभा राहिला, अशी बातमी आली. पाठीवर गावची पोरं बसली होती म्हणे.

तेव्हापासून मारेगावची बस दिसली तरी मी तोंड फिरवतो.

आणि एके दिवशी जेवताना प्रणाली म्हणाली, "बाबा, मी लग्न ठरवलं. अमोल नाव हाय. आमच्या लॅबच्या बाजूलेच एक्स-रे काढते."

"गाव?"

"मारेगावकडलं."

घास हातातच राहिला. "बापाचं नाव?"

"देवराव."

मी काय काय ओरडलो ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो, की समोरच्या दुकानदाराने शटर अर्धं खाली ओढलं. बायकोने शांतपणे माझ्या ताटात भाजी वाढली.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"मंग जेवा."

प्रणालीने आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी जिंकलो असतो, आवाजाच्या कामात मला कोणी हरवत नाही. ती एवढंच म्हणाली, "करीन त त्यालेच करीन. नाही त ऱ्हायलं." आणि ताट उचलून मोरीत गेली. भांडी घासल्याचा आवाज बराच वेळ येत होता. घासायला तिथे एकच ताट होतं. मग मी बायकोला म्हणालो, "बोलाव त्याईले."

अडचण पुढेच होती. तिकडच्या मंडळींना मुलगी पसंत होती, पण मुलीच्या बापाची कीर्ती मारेगावपर्यंत पोचलेली! देवरावाची बायको विमलबाई हिने साफ निरोप पाठवला होता, की एकदा येऊन बसू. बाप भांडला तर पाणीही न पिता उठू, आणि पुन्हा हा विषय नाही.

माझा साळा गजानन ह्या सोयरिकीत मध्यस्थ होता. बैठकीच्या दिवशी त्याने मला कोपऱ्यात घेतलं. "भाऊजी, तुमी फक्त दोन कामं करजा. रामराम घालजा अन् मान हालवजा. बोलाचं नाही."

बायकोने तर माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून शपथ घातली. "एक शब्द बोलसान त माहं मेलेलं तोंड पाहासान."

मी शपथ घेतली आणि कुर्त्याच्या खिशात हळूच गेम टाकला. तोंड बंद ठेवायचं तेवढं एकच औषध माझ्याकडे होतं. माझा हेतू चांगला होता, हे मला इथे ठासून सांगायचं आहे. (आजवर कोणी ऐकून घेतलेलं नाही.)

दुपारी मंडळी आली. देवराव, विमलबाई, अमोल आणि देवरावाचा एक म्हातारा मामा. सतरंजीवर सगळे समोरासमोर बसले. मी रामराम घातला. मान हलवली. दोन्ही कामं संपली! देवराव तसाच किडकिडीत, गालात खर्रा.

"वळखलं का वसंतराव?" तो म्हणाला. "पांढरकवड्याच्या बाजारात भेटलतो आपण. थो बैल—"

माझ्या कानातून वाफ निघाली. ओठांपर्यंत शब्द आले. गजाननचे डोळे विस्फारले. मी झटकन खांद्यावरचा दुपट्टा मांडीवर ओढला, त्याखाली गेम धरला, आवाजाची कळ बंद केली आणि दुपट्ट्याचा कडेचा पदर जरा उचलून मान खाली घातली. झोळीवाला चालू लागला. माझा राग उतरू लागला.

वर बोलणी सुरू झाली. लग्न कुठे, कधी, जेवणात काय. मी मान वर केली नाही. विमलबाई हळूच मामाला म्हणाल्या, "लोकं काईबी सांगतात. बाप त लय हळवा हाय बिचारा. पोरीच्या नावानं मान वर करून नाही राह्यला."

माजघराच्या दारातून बायकोने हे ऐकलं. तिच्या चेहऱ्यावर असा अभिमान मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.

इकडे मी खड्ड्यापाशी पोचलो होतो. शिंगवाला आला, गेला, वळला. उडी! काट्यांत. पुन्हा. उडी! काट्यांत. अंगठे जोरात चालू लागले. दुपट्टा हलू लागला. आणि एका उडीला माझ्या तोंडून चांगलाच हुंकार निघाला, मान वर झाली, आणि माझी जळजळीत नजर नेमकी देवरावावर पडली.

आता बाजारातल्या माणसाच्या बाजूने विचार करा. समोर जुना दलाल बसला आहे. दुपट्टा हातावर पसरलेला. खाली बोटं वळवळत आहेत. आणि तो हुंकार देऊन आपल्याकडे पाहतो आहे! देवरावाने आयुष्यभर जे केलं तेच केलं. पुढे सरकला आणि माझ्या दुपट्ट्याखाली हात घातला.

त्याने माझा अंगठा पकडला. मी दचकलो. आवाजाची कळ सरकली. आणि त्या पवित्र बैठकीत माझ्या मांडीतून मोठ्याने आवाज आला : पों, पों, पोंऽऽऽ! झोळीवाला मेला होता.

विमलबाई ताडकन उठल्या. "अवो! हे काय चाललं? दुपट्ट्याखाली माह्या लेकाचा सौदा करून राह्यले? बैल हाय का थो?"

"म्या नाही वं!" देवरावाने हात असा काढला, जणू चुलीत घातला होता. "यायनं आधी हात घातला म्हून माहा गेला."

"हौ, म्या पाह्यलं," मामा म्हणाला. "आधी पोरीच्या बापानंच खुणावलं."

इथे मी माझी खरी लायकी दाखवली. समोर दोन वाटा होत्या. 'मी गेम खेळत होतो' असं सांगायचं, किंवा 'मी तुमच्या मुलाचा भाव करत होतो' असं सांगायचं. ह्या वयात, मुलीच्या सोयरिकीत, पोरखेळ खेळत होतो म्हणण्यापेक्षा सौदा करत होतो म्हणणं मला जास्त इभ्रतीचं वाटलं!

"हौ," मी म्हणालो. "सौदाच करून राह्यलतो."

गजाननने कपाळावर हात मारला.

"कायचा?" विमलबाई.

"वरातीत माणसं किती आणता त्याचा."

"मंग तोंड नाही का तुमाले?"

"तोंड बंद ठेवाची शपथ हाय!"

"कोनाची?"

मी दाराकडे बोट दाखवलं. बायको पदर तोंडाला लावून आत गेली.

पण देवराव विचारात पडला होता. "काहीतरी गडबड हाय," तो म्हणाला. "यायच्या बोटात आकडाच नव्हता. हातात कडक काही लागलं. अन् दुपट्ट्याखाली दिवा लागून होता."

"मोबाइल!" मामा ओरडला. "रेकॉर्डिंग करून राह्यले! आजकाल असंच करतात. उद्या ठाण्यात जातीन अन् म्हणतीन, पाहा, यायनं हुंडा मागतला!"

"आमी रुपयाचं नाव काढलं नाही वो!" विमलबाईंनी आवाज चढवला. "अन् आमच्यावर केस? ऊठ अमोल. चाल."

अमोल अर्धा उठला. प्रणाली चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती, तिच्याकडे त्याने पाहिलं आणि अर्धा बसला. मग तसाच राहिला, एक्स-रेला 'श्वास रोखा' म्हटल्यासारखा.

पों-पों ऐकून प्रणालीला सगळं आधीच कळलं होतं. ती पुढे आली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा. काढा ते."

मी आयुष्यात पुष्कळ लोकांच्या नजरेला नजर भिडवली आहे. त्या नजरेला भिडवता आली नाही. मी दुपट्टा बाजूला केला. राखाडी डबा उजेडात आला. काचेवर झोळीवाला पुन्हा खड्ड्यापाशी उभा होता आणि शिंगवाला निवांत फेऱ्या मारत होता.

सगळे पुढे वाकले.

"हे काय हाय?" देवरावाने विचारलं.

"गेम."

"कोनाचा?"

मी खोलीभर नजर फिरवली. एखादं लहान पोर दिसलं असतं तर त्याच्या नावावर खपवला असता. (घरात सगळ्यात लहान माणूस नवरी होती.)

"माहा," मी म्हणालो.

मला वाटलं, आता सतरंजीने मला पोटात घ्यावं. देवरावाने मात्र हात पुढे केला. मी डबा दिला. तो उलटसुलट करून पाहत म्हणाला, "काय करा लागते याच्यात?"

आणि मला राहवलं नाही. लाज एकीकडे, पण कोणीतरी पहिल्यांदाच नीट विचारत होतं! "थ्या झोळीवाल्याले पलीकडं न्यायचं. मधात काट्याचा खड्डा. अन् वाटेत हा. भयंकर मारका! कईपासून अडून बसलो मी."

देवरावाने शिंगवाल्याकडे पाहिलंच नाही. तो माझ्याकडे पाहत राहिला. तसाच. बाजारात पाहत राहिला होता तसा. मग त्याने जाड अंगठा बटणावर ठेवला आणि झोळीवाल्याला सरळ शिंगांच्या दिशेने चालवलं.

"थांबा! मारते थो! मरसान!" मी इतक्या जोरात ओरडलो, की मामाच्या हातची पोह्यांची बशी सतरंजीवर पालथी झाली.

झोळीवाला शिंगांपाशी पोचला. काही झालं नाही. तो शिंगावरून पाठीवर चढला. शिंगवाल्याने एक फुसफुस केली, वळला, आणि पाहुण्याला बसवून न्यावं तसा त्याला काट्यांवरून पलीकडे घेऊन गेला. मग डब्यातून एक सूर वाजला. आनंदाचा, सनईसारखा. इतक्या आठवड्यांत मी तो कधी ऐकलेला नव्हता.

देवरावाने डबा खाली ठेवला. "वसंतराव," तो म्हणाला, "हा त गरीब हाय."

माझी शपथ तिथे तुटली. "तवाबी असंच केलं तुमी!" मी उभा राहून गरजलो. "माहा भोंग्या नेला! फुकटात नेला! वर कासरा नेला! लेकाचा माह्याकडे आगीसारखा फुसफुसे अन् तुमच्या दारात गेला की पोरं बसवते पाठीवर! काय खाऊ घातलं त्याले? काय केलं काय?"

"काहीच नाही केलं," देवराव म्हणाला. "थो तुमाले भेत होता. तुमी ओरडत होते म्हून थो फुसफुसे. माह्या घरी कोनी ओरडलं नाही, त फुसफुसला नाही. म्या बैल नाही पारखला वसंतराव. तुमाले पारखलं."

इतकी वर्षं त्या बैलाला मी मारका म्हणत होतो, आणि बैल बिचारा मला!

माजघरातून बायकोचा आवाज आला. "झालं?"

सवयीने माझ्या तोंडून गेलं, "झालं."

"मंग बसा. चहा थंडा होते."

मी बसलो. विमलबाई माझ्याकडे पाहत होत्या, मग दाराकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "अवं बाई," त्यांनी आत विचारलं, "हे असेच हायत का?"

"लग्न झालं तवापासून," बायको बाहेर येत म्हणाली. "फुसफुसतात लय. मारत नाहीत."

विमलबाईंना हसू फुटलं. मग मामा हसला, मग गजानन, मग अमोल, आणि एक्स-रे एकदाचा पुरा बसला. प्रणालीने ट्रे खाली ठेवला. ती हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही, कारण मी पालथ्या बशीकडे पाहत पोहे वेचत होतो.

"मंग भ्यायचं कायले?" विमलबाई म्हणाल्या. "आना साखर."

साखर वाटली. मुलीच्या आयुष्याचा निर्णय झाला, आणि तो माझ्या फुसफुशीवर झाला! सगळ्यांनी एकमेकांना रामराम केला. मंडळी दारापर्यंत गेली. देवराव थांबला, मागे वळला. गालातला खर्रा ह्या गालातून त्या गालात गेला.

"सोयरीक पक्की झाली," तो म्हणाला. "वर काय?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. प्रणालीही. मी तो राखाडी डबा उचलला. एकदा काचेवरून हात फिरवला. मग मागचं झाकण उघडलं, सेल काढून खिशात टाकले आणि डबा देवरावाच्या हातात दिला. (सौद्यात सेल नव्हते!)

लग्न छान झालं. मुलगी सुखात आहे. आमचे इवाई, म्हणजे व्याही, मात्र आता शेतातून आले की पारावर जात नाहीत, डबा घेऊन ओसरीवर बसतात. आणि मला फोन करतात. परवाच आला होता.

"वसंतराव," ते म्हणाले, "आज तुमच्या पाठीवर बसून आनखी एक खड्डा पार केला."

"माह्या पाठीवर?"

"मंग! घरात सगळे त्याले तुमच्याच नावानं बोलावतात. सून बी."

माझा तोल गेला. मी असा ओरडलो, असा ओरडलो, की दुकानातलं गिऱ्हाईक अर्धा सौदा टाकून पळालं. मग देवरावांनी फोन न ठेवताच विमलबाईंना सांगितलेलं मला स्वच्छ ऐकू आलं.

"काही नाही वं. इवाई हायत. फुसफुसून राह्यले."